वाढणारा वाढतो

(जव्हार येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या पाळकबाबांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांचं नाव निघालं की मला पंगत आठवते. 1990 सालचा नाताळ. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात परिचर्या शिकून मी या डोंगरात आरोग्य केंद्रावर नर्स म्हणून नुकतीच रुजू झाले होते. ओळखीचं कुणी नव्हतं. उपासना झाली आणि प्रार्थनाघराच्या अंगणात पंगत बसली. पळसाच्या पत्रावळी, भात, उडदाची डाळ, नागलीची भाकर, थोडा रस्सा. सगळी माणसं बसली तरी बाबा पत्रावळी मांडतच होते. शेवटच्या ओळीत त्यांनी अकरा पत्रावळी मांडल्या आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर एकेक खडा ठेवला. मी विचारलं, "बाबा, ही पानं कुणाची?" ते म्हणाले, "भट्टीवर गेलेत, त्यांची." आणि एकेका खड्याकडे बोट दाखवत त्यांनी मला अकरा नावं सांगितली.

त्या दिवशी अकरांतली दोघं आली. अंधार पडल्यावर, एसटीतून उतरून, डोंगर चढून. त्यांच्यासाठी भात झाकून ठेवला होता. उरलेल्या नऊ पानांचं जेवण पाड्यावरच्या नऊ घरी गेलं. त्यातली बरीच घरं ख्रिस्ती नव्हती. मांडलेलं पान रिकामं उचलायचं नसतं, एवढंच बाबा म्हणाले.

आज मला विषय दिला आहे तो विश्वासातल्या वाढीचा: मंडळीच्या सहभागितेतून आणि सेवेतून ख्रिस्ती माणूस कसा वाढतो? मी काही ईश्वरविज्ञान शिकलेली नाही. माझा जन्म वजनकाटा आणि वाढीचा तक्ता हाताळण्यात गेला. पण आपल्या भाषेनं माझं काम सोपं करून ठेवलं आहे. 'वाढणं' या एकाच शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. मूल वाढतं, आणि आई जेवण वाढते. पाळकबाबांच्या पंगतीत मला कळलं की हे दोन अर्थ एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. जो वाढतो, तोच वाढतो. ख्रिस्ती माणसाची वाढ त्याला किती वचनं पाठ आहेत यावर मोजता येत नाही. तो कुणाला वाढतो आणि कुणासाठी थांबतो, यावर ती मोजावी लागते.

दोन पंचांगं

जव्हार हे मुकणे घराण्याचं जुनं संस्थान, 1948 साली भारतात विलीन झालेलं. मोखाडा त्याच्या पूर्वेला, नाशिकच्या घाटाकडे सरकलेला. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला आणि हे दोन्ही तालुके नव्या जिल्ह्यात आले. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी ही इथली माणसं. पाऊस असा पडतो की चार महिने छत्री मिटत नाही. आणि मार्च उजाडला की बायका विहिरीच्या तळाशी उतरून वाटीनं पाणी भरतात.

इथलं वर्ष पंचांगावर चालत नाही, पिकावर चालतं. राब भाजायचा, पहिल्या पावसात पेरायचं, आवणी उरकायची, वरकस जमिनीवर नागली-वरई काढायची, कणगी भरायची. पीक एकच, जमीन उताराची. बहुतेक घरांची कणगी उन्हाळा लागण्याआधीच तळ दाखवते. म्हणून दिवाळी झाली की कुटुंबंच्या कुटुंबं भिवंडी, वसई, कल्याणकडे उतरतात. वीटभट्टीवर, रेतीवर, बांधकामावर. बऱ्याच जणांनी भट्टीवाल्याकडून आधीच उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत परत येता येत नाही. पाड्यावर उरतात म्हातारी माणसं, काही पोरं, आणि दाराला बाहेरून बांधलेल्या दोऱ्या.

आता ख्रिस्ती वर्ष याच्या शेजारी ठेवून बघा. नाताळ डिसेंबरात. उपवासकाळ फेब्रुवारी-मार्चात. पुनरुत्थानाचा रविवार मार्च-एप्रिलात. प्रभूचा जन्म, दुःखसहन आणि पुनरुत्थान, तिन्ही वेळा इथल्या मंडळीतली कर्ती माणसं भट्टीवर असतात. ती परततात तेव्हा आकाशात ढग असतात आणि प्रार्थनाघरात कुठलाही सण नसतो. विश्वासाचं पंचांग आणि पोटाचं पंचांग जुळत नाही. पाळकबाबांचे ते अकरा खडे या न जुळणाऱ्या दोन पंचांगांवर ठेवलेले होते.

करिंथची पंगत

ही अडचण नवी नाही. पहिल्या शतकातल्या मंडळीतही ती होती. ग्रीसमधल्या करिंथ शहरात विश्वासणारे एखाद्या ऐपतदाराच्या घरी जमत. भाकर आणि प्याला यांच्याबरोबर तेव्हा पोटभर जेवणही असे. ज्यांच्या हाती वेळ होता ते आधी येत, आणलेलं खात, पीत. गुलाम आणि मजूर दिवसभराचं काम संपवून येत तोवर भांडी रिकामी झालेली असत, अशी त्या प्रसंगाची मांडणी बरेच अभ्यासक करतात. पौलानं इ.स. 55 च्या सुमारास त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात यावर फार कडक शब्द वापरले आहेत. त्याच्या म्हणण्याचा आशय असा, की हे प्रभूचं भोजन राहिलेलंच नाही. कारण एक भुकेला आहे आणि दुसरा तर्र झाला आहे. उपाय काय सांगितला? एकमेकांसाठी थांबा.

मला वाटतं, ख्रिस्ती सहभागितेची याहून साधी आणि याहून कठीण व्याख्या नाही. पौलानं त्यांना जास्त प्रार्थना करायला सांगितलं नाही, नवं भवन बांधायला सांगितलं नाही. जो कामावरून उशिरा येतो त्याच्यासाठी थांबायला सांगितलं. नव्या करारात सहभागितेसाठी 'कोइनोनिया' हा ग्रीक शब्द येतो. त्याचा गाभा समाईक असण्याचा, वाटा असण्याचा आहे. शेतात वाटेकरी असतो तसा. नुसतं शेजारी बसून गाणं म्हणणाऱ्याला आपण वाटेकरी म्हणत नाही. ज्याचा कणगीतल्या दाण्यावर हक्क आहे तो वाटेकरी.

प्रेषितांच्या कृत्यांत आणखी एक प्रसंग आहे. यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं. कुरकुर झाली. प्रेषितांनी ती दाबली नाही. त्यांनी सात माणसं निवडून घेतली आणि वाढण्याचं काम त्यांच्याकडे दिलं. त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बोलीची माणसं वाढपी झाली, असा त्याचा अर्थ मी घेते. आपल्या मंडळीत वाढपी कोण आहे, हे आज रात्री घरी जाऊन आठवून बघा. कातकरी बाई किती वेळा पंगतीत बसली ते सांगता येईल. तिनं किती वेळा वाढलं?

वाढीचा तक्ता

1992 साली याच जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. शंभराहून अधिक मुलं गेली. मोटारी आल्या, कॅमेरे आले, योजना आल्या. 2016 साली मोखाड्यातून पुन्हा तशाच बातम्या आल्या. नव्वदच्या दशकात आम्ही मुलांची वजनं घेऊन त्यांना श्रेणी द्यायचो. तिसरी आणि चौथी श्रेणी म्हणजे धोक्याची. आता तीव्र कुपोषणाला 'सॅम' आणि मध्यम कुपोषणाला 'मॅम' म्हणतात. शब्द बदलले, मुलाच्या दंडाची जाडी तेवढीच राहिली.

मी तेव्हा रोज संध्याकाळी प्रार्थना करायचे आणि रोज सकाळी तक्त्यावर ठिपका टाकायचे. माझ्या प्रार्थनेतून तो ठिपका वर सरकत नव्हता. एका पाड्यावर चौथ्या श्रेणीतलं एक मूल होतं. मी त्याच्या आईला तीनदा समजावलं, पोराला दिवसातून पाच वेळा भरव. तिसऱ्या वेळी ती काही बोलली नाही. मी रागानं उठले. पाळकबाबा माझ्याबरोबर होते, ते बसून राहिले. अर्ध्या तासानं ती बोलू लागली. सकाळी पाण्याला दोन तास जातात, लाकडाला तीन, उरलेला दिवस दुसऱ्याच्या शेतात. पोर मोठ्या बहिणीच्या कडेवर असतं आणि ती बहीण स्वतः सात वर्षांची. पाच वेळा भरवायचं कुणी?

मी शिकलेली होते, ती निरक्षर होती, आणि त्या झोपडीत अज्ञान माझं होतं. जर्मन पाळक डिट्रिश बोनहॉफर यांनी 1939 साली प्रकाशित झालेल्या, सहजीवनावरच्या छोट्या पुस्तकात सेवेचे प्रकार सांगताना ऐकून घेण्याला पहिलं स्थान दिलं आहे. हिटलरच्या राज्यात फाशी गेलेल्या या माणसाचं पुस्तक मी नंतर वाचलं. धडा मात्र मला त्या झोपडीच्या उंबऱ्यावर मिळाला होता. त्या आठवड्यात मंडळीतल्या दोन म्हाताऱ्यांनी आपणहून एक काम घेतलं. पाड्यावरची आठ-दहा पोरं दुपारी त्यांच्या अंगणात बसू लागली. ज्याच्या घरी जे असेल ते यायचं, नागलीची पेज व्हायची. त्या दोघींतल्या एकीला लिहिता येत नव्हतं. ती कोळशानं भिंतीवर रेघा ओढायची, कुणी किती वाट्या खाल्लं त्याच्या. तो या डोंगरात मी पाहिलेला सर्वांत खरा वाढीचा तक्ता.

आपली मराठी परंपरा

हे काही मिशनऱ्यांनी बाहेरून आणून दिलेलं ज्ञान नाही. मराठी ख्रिस्ती माणसानं ते आपल्या घरात, आपल्या चुलीपाशी मिळवलं आहे.

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला. लक्ष्मीबाई, सुरुवातीला सोवळं सांभाळत, पुढची पाच वर्षं थांबल्या, आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्याच्या आधीच त्यांच्या मनातून जातिभेद गेला होता. कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाचं नाही, ही गाठ आधी सुटली आणि मग धर्मांतर झालं. माझ्या मते हा क्रम फार बोलका आहे. आधी त्या पंगतीत बसल्या, मग मंडळीत आल्या. टिळकांनीही अखेरच्या काळात, 1917 साली, मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' उभा करायला घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती.

पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायका वाचवून आणल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. तिथं शेती होती, विणकाम होतं, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. रमाबाईंनी केलेलं बायबलचं भाषांतर याच बायकांनी छापलं. दुष्काळातून उचललेल्या मुली पुढे येणाऱ्या मुलींचा सांभाळ करू लागल्या. मुक्तीचं मोठेपण किती जणींना जेवू घातलं एवढ्यात नाही. जेवलेल्या हातांनी पुढे वाढायला घेतलं, यात ते आहे.

आणि जामखेड. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती जोडपं 1970 साली त्या अवर्षणग्रस्त भागात गेलं. दोघंही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. त्यांनी गावोगावच्या बायकांनाच आरोग्य कार्यकर्त्या केलं. त्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या, दलित होत्या, नवऱ्यानं टाकलेल्या होत्या. प्रशिक्षणाला सगळ्या जातींच्या बायका एकत्र जेवत, एकत्र झोपत. दुष्काळात विंधनविहिरी घ्यायची वेळ आली तेव्हा त्या दलित वस्तीत घेतल्या गेल्या, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिकडे यावं लागेल. 1979 साली या जोडप्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मिरजेला शिकत असताना आम्हाला जामखेडची गोष्ट सांगत. तिचा अर्थ मला इथे, कोळशाच्या रेघा ओढणाऱ्या म्हातारीकडे बघून कळला.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण देते. चर्च ऑफ द ब्रदरन या अमेरिकेतल्या मंडळीचे मिशनरी 1894 साली भारतात आले, आधी बलसाडला स्थिरावले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात डहाणूला पोहोचले. त्यांचा डहाणूचा दवाखाना जुन्या माणसांना आठवत असेल. या मंडळीची एक रीत आहे, प्रीतिभोजनाची. आधी एकमेकांचे पाय धुवायचे, मग एकत्र जेवायचं, मग भाकर आणि प्याला घ्यायचा. पाय, पान आणि प्याला, या क्रमानं. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारताची मंडळी झाली, त्यांत ही मंडळीही होती. त्यामुळे ही रीत आता आपली, घरचीच आहे. भट्टीवरून परतलेल्या माणसाच्या टाचा मी किती वर्षं पाहिल्या आहेत! मातीनं आणि उष्णतेनं पडलेल्या भेगांत बोट जाईल. जखम धुताना माणूस पाय मागे ओढतो, लाजतो. पेत्रानंही प्रभूपुढे पाय मागे ओढलाच होता. मला दर वेळी तोच आठवायचा.

आमिष आणि अन्न

आता एक कठीण गोष्ट बोलते. पाळकबाबांच्या नावाच्या व्यासपीठावरून ती टाळली तर ते मला माफ करणार नाहीत.

पुष्कळ वर्षांपूर्वी थंडीत एका संस्थेचं घोंगड्यांचं वाटप होतं. मी मदतीला गेले होते. आधी भजन, मग प्रवचन, मग प्रार्थना, आणि शेवटी घोंगड्या. दूरच्या पाड्यावरचा एक म्हातारा आला होता. ऊन उतरायला लागलं तसा तो उठला. अंधाराआधी त्याला घाट चढायचा होता. त्यानं घोंगडी मागितली तेव्हा त्याला सांगण्यात आलं, प्रार्थना होऊ दे, मग. तो काही बोलला नाही. हात जोडले आणि निघून गेला. मी तिथं होते. घोंगड्यांचा गठ्ठा माझ्यापासून चार हातांवर होता. मी उठले नाही. या गोष्टीचं ओझं मी आजवर वाहते आहे, आणि ते कुणा संस्थेवर टाकत नाही, कारण गप्प बसणारं तोंड माझं होतं.

या डोंगरात ख्रिस्ती सेवेकडे संशयानं बघितलं जातं. त्यातला काही संशय खोटा आहे, काही द्वेषातून आलेला आहे, आणि काही आपण आपल्या हातानं कमावलेला आहे. आपली श्रद्धा पाळण्याचा आणि ती सांगण्याचा अधिकार राज्यघटनेच्या कलम 25 नं आपल्याला दिला आहे. तो आपण निर्भयपणे वापरावा. पण पानावर वाढलेला भात ही सांगण्याची किंमत नव्हे. शोमरोनी माणसाच्या दाखल्यात वाटेत पडलेल्या जखमी माणसाचा धर्म कुणी विचारलेला नाही. खाणावळवाल्याला पैसे देताना शोमरोनी माणसानं कुठलीही अट घातलेली नाही. ज्या सेवेला अट असते ती सेवा सौदा असते, आणि सौद्यातून कुणी विश्वासात वाढत नाही, ना देणारा ना घेणारा.

दुसरं, ख्रिस्ती झालेला माणूस पाड्यातून उठून जाता कामा नये. काही घरं विश्वासात आली आणि त्यांनी शेजाऱ्याच्या आवणीला जाणं सोडलं, लग्नाला जाणं सोडलं, मयताला उभं राहणं सोडलं, असं मी पाहिलं आहे. बोहाड्याच्या रात्री मुखवटा घालून नाचायचं की नाही, हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. पण बोहाड्याला आलेल्या पाहुण्यांसाठी शेजारणीला पाण्याचे दोन हंडे आणून द्यायला कुठल्या वचनाची आडकाठी आहे? आवणीच्या दिवसांत पाडा एकमेकांच्या चिखलात उतरतो, तेव्हाच सगळ्यांची भातं वेळेवर लागतात. या डोंगरातली ती सर्वांत जुनी सहभागिता आहे. आपली मंडळी तिला तोडणारी नसावी, तिच्यात एक जास्तीचा हात घालणारी असावी. आणि या डोंगरात सेवा करणारे आपण एकटे नाही. सुनंदाताई पटवर्धन यांच्या प्रगती प्रतिष्ठाननं 1970 च्या दशकापासून जव्हार परिसरात जे काम केलं, त्याच्याकडून शिकण्यात आपल्याला कमीपणा वाटू नये.

खालचे आणि वरचे

वसई, मुंबईहून आलेल्या पाहुण्यांशी आता थोडं बोलते.

2014 साली पूर्ण झालेलं मध्य वैतरणा धरण याच मोखाडा तालुक्यात, कोचाळ्याजवळ आहे. त्याचं पाणी मुंबईला जातं. वांद्र्याच्या किंवा भायखळ्याच्या चर्चमध्ये रविवारी नळ उघडतो तेव्हा त्यात मोखाड्याचा पाऊस असतो. उन्हाळ्यात त्याच मोखाड्याला टँकर लागतात. म्हणून मुंबईच्या मंडळीनं इथे काही पाठवलं तर त्याला दान म्हणताना जरा थांबावं. ज्याचं पाणी आपण रोज पितो त्याचे आपण आधीच देणेकरी आहोत.

1998 साली वसई धर्मप्रांताची स्थापना झाली आणि किनाऱ्यावरची जुनी ख्रिस्ती गावं व डोंगरातले पाडे एकाच धर्मप्रांतात आले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वसईची पाणी-जमीन वाचवण्यासाठी हरित वसईची चळवळ उभी केली तेव्हा ते फक्त ख्रिस्ती वाड्या वाचवत नव्हते. गावाच्या विहिरीत सगळ्यांचं पाणी असतं. 2020 साली ते धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, 2024 साली गेले. त्यांच्या वसईकरांना माझी विनंती आहे. इथून उतरलेली माणसं तुमच्या आजूबाजूच्या भट्ट्यांवर असतात. तुमच्या चर्चच्या घंटेचा आवाज त्यांना ऐकू जातो. ती तुमच्याच मंडळीची माणसं आहेत, फक्त त्यांच्याकडे तुमच्या बाकावर बसायचे कपडे नाहीत आणि रविवारची सुट्टी नाही.

करण्यासारखं

चार गोष्टी मागते आणि थांबते.

पहिली: इथल्या मंडळ्यांनी पंगतीचा एक दिवस पोटाच्या पंचांगावर घालावा. माणसं परत येतात आणि पेरणी व्हायची असते, त्या मधल्या आठवड्यात. नाताळ नाताळच्या दिवशी होईलच. पण परतलेल्यांचा एक सण असावा, आणि त्या दिवशी त्यांचे पाय धुतले जावेत.

दुसरी: दिवाळीनंतर माणसं उतरतात तेव्हा मंडळीनं वहीत लिहून ठेवावं: कोण, कुठल्या भट्टीवर, मुलं किती, बाई गरोदर आहे का, लसीकरणाचं कार्ड बरोबर दिलं का. नर्स म्हणून सांगते, ते कार्ड घरच्या वाशात खोचलेलं राहतं आणि पोर भट्टीवर गोवरानं तापतं. ती यादी खालच्या मंडळीकडे जावी. तिथल्या दोन-तीन घरांनी एका भट्टीची जबाबदारी घ्यावी. धर्म न विचारता, त्या भट्टीवरच्या सगळ्या मुलांची.

तिसरी: कुठलंही वाटप प्रार्थनेच्या आधी व्हावं, आणि ज्याला जायचं आहे त्याला जाऊ द्यावं. हिशोब गावापुढे उघडा असावा.

चौथी: ज्याला आज वाढलं त्याच्या हाती उद्या पळी द्यावी. निरक्षर असो, म्हातारी असो, कातकरी असो. नुसतं खाऊन मूल वाढतं. मोठं माणूस मात्र वाढल्याशिवाय वाढत नाही.

मी नोकरीतून निवृत्त झाले तेव्हा गावी परत जायचं ठरवलं होतं. निघायच्या आधी नाताळ आला. बाबा तेव्हा खूप थकले होते, अंगणात खाटेवर पडून होते. पत्रावळी मांडायचं काम एका तरुण मुलीकडे होतं. शेवटच्या ओळीत तिनं खडे ठेवले, आणि मी मोजले तर एक जास्त होता. मी विचारलं, हे कुणाचं? ती म्हणाली, "तुमचं. पुढच्या वर्षी तुम्ही लांबून येणार, उशीर होईल." मी गेले नाही. या डोंगरात माझं पान राखलेलं आहे, हे कळल्यावर जाता येईना. माझा विश्वास वाढला असेल तर तो त्या खड्यापाशी वाढला.

ती मुलगी आज या सभेत बसली आहे, आणि तिच्या पाड्यावर अजूनही शेवटची ओळ मांडली जाते. येत्या नाताळला तुमच्या मंडळीत पंगत बसेल तेव्हा आधी बसलेली माणसं मोजू नका. न आलेली मोजा. त्यांची नावं मोठ्यानं घ्या, त्यांची पानं मांडा, त्यावर खडा ठेवा. आणि अंधार पडेपर्यंत भात झाकून ठेवा.